गिजुभाई बधेका आणि बालवाचकाचा प्रतिसाद

गिजुभाई बधेका यांचे नाव गुजराती साहित्याच्या इतिहासात सामान्यतः बालसाहित्याच्या प्रकरणात येते, आणि भारतीय शिक्षणाच्या इतिहासात ते माँटेसरी विचारांचे भारतीय भाष्यकार म्हणून येते. दोन्हीकडे त्यांचा उल्लेख आदरानेच होतो. परंतु या विभागणीत एक महत्त्वाची गोष्ट दोघांच्याही हातून निसटते. साहित्यकृती वाचल्यावर किंवा ऐकल्यावर वाचक तिचे काय करतो, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात समीक्षेच्या केंद्रस्थानी आला. गिजुभाईंनी तो समीक्षक म्हणून कधीच विचारला नाही. लहान मुलांना गोष्टी सांगत असताना तो त्यांच्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांनी नाट्य, चित्र, माती, गाणे, खेळ आणि पुस्तकांनी भरलेले एक कपाट यांच्या द्वारे दिले. त्यांच्या चरित्राकडे या एका अंगाने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. बालपण वळा येथे, म्हणजे प्राचीन वलभीच्या परिसरात गेले. भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, परंतु शिक्षण अर्धवट सोडून १९०७ मध्ये ते पूर्व आफ्रिकेला गेले. काठियावाडातील अनेक तरुणांचा तो त्या काळचा परिचित मार्ग होता. तेथे एका इंग्रज वकिलाच्या कचेरीत काम करताना स्वतःची कामे स्वतः करण्याचा जो धडा त्यांना मिळाला, तो पुढे त्यांच्या बालमंदिरात फार वेगळ्या रूपाने प्रकट झाला. दोन-तीन वर्षांनी परत येऊन त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण कॅम्प, म्हणजे आजचे सुरेंद्रनगर, येथे वकिली सुरू केली. वकिली चांगली चालत होती. ती सोडण्यास अपयश कारण झाले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९१३ मध्ये मुलगा नरेंद्र याचा जन्म झाला आणि या मुलाला कोणत्या शाळेत घालावे, या अगदी घरगुती प्रश्नातून गिजुभाईंच्या आयुष्याला वळण लागले. घोकंपट्टी आणि छडी यांवर चालणाऱ्या शाळेत त्याला पाठविण्यास त्यांचे मन तयार होईना. या सुमारास त्यांचा संबंध चरोतरातील वसो या गावच्या मोतीभाई अमीन यांच्याशी आला, आणि माँटेसरी विचारांची ओळख त्यांना मोतीभाईंमुळे झाली. मोतीभाई हे बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे एक आधारस्तंभ. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१० नंतर ती चळवळ सरकारी पातळीवर उभी राहिली, तरी तिच्या आधीपासून खेडोपाडी वाचनालये काढण्याचा उद्योग मोतीभाईंनी आरंभिला होता. गिजुभाईंच्या चरित्रात हा तपशील सहसा एका वाक्यात येतो. प्रस्तुत लेखकाला तो अधिक मोलाचा वाटतो. मुलांचे शिक्षण आणि मुलांच्या हाती पडणारी मोकळी पुस्तके, या दोन गोष्टी गिजुभाईंच्या विचारात आरंभापासूनच जोडलेल्या असाव्यात, आणि त्याचे मूळ या स्नेहात शोधता येईल. आणखी एक योगायोग असा, की त्यांच्या वाचनात आलेल्या माँटेसरीविषयक पुस्तकांपैकी एक, १९१२ चे ‘अ माँटेसरी मदर’, हे डोरोथी कॅनफील्ड फिशर या अमेरिकन कादंबरीलेखिकेचे होते. एका कथालेखिकेने आई या नात्याने लिहिलेले ते पुस्तक आहे. गिजुभाई पुढे स्वतः शिक्षणावर लिहू लागले, तेव्हा त्यांनीही प्रबंधापेक्षा कथेचाच आश्रय अधिक घेतला.

भावनगर येथे १९१० मध्ये नृसिंहप्रसाद कालिदास भट्ट, म्हणजे नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन स्थापन केले होते. १९१६ मध्ये गिजुभाई वकिली सोडून त्या संस्थेत दाखल झाले. प्रथम काही वर्षे त्यांनी छात्रालयात आणि संस्थेच्या माध्यमिक शाळेत, म्हणजे विनयमंदिरात काम केले. मोठ्या मुलांना शिकवताना त्यांची अशी खात्री झाली, की जे घडायचे आणि बिघडायचे ते फार आधीच घडून गेलेले असते. १ ऑगस्ट १९२० रोजी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. १९२२ मध्ये ते टेकडीवरील स्वतःच्या इमारतीत गेले आणि त्या इमारतीचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले. पस्तिशी ओलांडलेला, भरदार मिशांचा एक माजी वकील दिवसभर अडीच-तीन वर्षांच्या मुलांत बसलेला पाहून भावनगरच्या लोकांना प्रथम नवल आणि मग जिव्हाळा वाटू लागला. त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशांची आई असे नाव पडले, आणि ते गुजरातीत कायमचे रूढ झाले.

बालमंदिरात माँटेसरींची साधने होती. ती स्थानिक सुतारांकडून करवून घेतलेली होती. इंद्रियशिक्षण, व्यवहारातील कामे, शांततेचा खेळ, मुलाने आपले काम आपण निवडण्याची मुभा, हे सारे मूळ पद्धतीनुसार होते. तथापि एका मुद्द्यावर गिजुभाईंनी गुरूपासून फारकत घेतली, आणि आपल्या दृष्टीने त्यांच्या चरित्राचा गाभा तोच आहे. माँटेसरींचा लहान वयातील परीकथांना विरोध होता. ज्या मुलाला वास्तवाची ओळख अद्याप पुरती झालेली नाही, त्याच्यापुढे राक्षस आणि पऱ्या उभ्या करणे म्हणजे त्याच्या अजाणतेपणाचा फायदा घेणे होय, अशी त्यांची भूमिका होती. इटलीतील एका डॉक्टरच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. काठियावाडात मात्र गोष्ट ही घराबाहेरून आणलेली वस्तू नव्हती. ती आजीच्या अंथरुणात, वडाच्या पारावर, चारण-गढवींच्या बैठकीत सर्वत्र होती. गिजुभाईंनी गोष्ट, लोकगीत, संगीत आणि नाट्य यांना बालमंदिराच्या दिवसात पूर्ण प्रवेश दिला. माँटेसरींच्या साधनांनी मुलाचे डोळे, कान आणि बोटे जागी होतात. या जाग्या झालेल्या इंद्रियांना जगण्यासारखे काही हवे असेल तर ते गोष्टीने द्यावे, अशी काहीशी ही जोडणी होती. तिला त्यांनी सिद्धांताचे नाव दिले नाही. परंतु पाश्चात्त्य पद्धतीचे भारतीय भूमीत जे रूपांतर झाले, त्याचे तौलनिक अध्ययन करणाऱ्याने येथे थांबले पाहिजे. मूळ पद्धतीची वाट जेथे संपत होती, तेथून पुढे गिजुभाईंना लोकवाङ्मयाने नेले.

‘वार्तानुं शास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ याच काळातला. गोष्ट कशासाठी सांगावी, कोणत्या वयाला कोणती निवडावी, कशी सांगावी, तिचे नाट्य कसे व्हावे, अशा प्रश्नांचा त्यात सविस्तर ऊहापोह आहे. गोष्ट आनंदासाठी आहे, तिच्या शेवटी बोधाची पुरचुंडी बांधून मुलाच्या हाती देण्याची गरज नाही, हे त्याचे मुख्य सूत्र होय. गोष्ट संपताच प्रश्न विचारून मुलाची परीक्षा घेणे त्यांना मान्य नव्हते. येथे कोणी विचारील, की मग गोष्ट मुलापर्यंत पोहोचली की नाही हे समजावे कसे? गिजुभाईंचे उत्तर त्यांच्या व्यवहारात मिळते: मूल ती गोष्ट पुढे काय करते ते पाहावे. ते तीच गोष्ट पुन्हा मागेल, धाकट्या भावंडाला सांगेल, तिच्यातला पोपट काढील, मातीचा कावळा करील, दोन सोबत्यांना घेऊन आंब्याखाली तिचा खेळ मांडील किंवा यांतले काहीच न करता गप्प बसेल. हे गप्प बसणेही गिजुभाईंच्या हिशेबी प्रतिसादच होते. शाळाखात्याच्या हिशेबी ते नव्हते.

त्यांनी संकलित केलेल्या लोककथांपैकी एक उदाहरण घेण्यासारखे आहे. दला तरवाडी या ब्राह्मणाच्या बायकोला वांगी खावीशी वाटतात. तो दुसऱ्याच्या वाडीत शिरतो. पण चोरी करायची नाही, म्हणून वाडीलाच परवानगी विचारतो. वाडी बोलत नाही, तेव्हा तिच्या वतीने उत्तरही तोच देतो आणि उदार मनाने हवी तेवढी वांगी घेऊन जातो. पुढे वाडीचा मालक त्याला पकडतो आणि त्याच न्यायाने विहिरीला विचारतो, की याला किती बुचकळ्या द्याव्यात. विहिरीच्या वतीने उत्तर अर्थात मालकच देतो. गोष्ट एवढीच. परंतु तिची रचना पाहिली म्हणजे गिजुभाईंनी मुलांपुढे अशाच गोष्टी का ठेवल्या, हे कळते. या कथेत नाट्य बाहेरून घालावे लागत नाही. एका माणसाने दोन आवाजांत बोलायचे, मुक्या वाडीचा आवाज आपण काढायचा, हा खेळ कथेच्या पोटातच आहे. ज्या मुलाला शब्द पाठ होत नाहीत त्याला वाडी होऊन नुसते उभे राहता येते. ज्याला चित्र काढायचे आहे त्याला वांगी आहेत. ज्याला ताल आवडतो त्याला प्रश्नोत्तरांची लय आहे. आणि ज्याला न्यायान्यायाचा विचार सुचतो त्याच्यासाठी मालकाची ती मार्मिक परतफेड आहे. एकच कथा निरनिराळ्या मुलांच्या अंगी निरनिराळ्या वाटांनी शिरते. कोणी कोणत्या वाटेने जावे, हे शिक्षकाने ठरवायचे नसते.

झवेरचंद मेघाणी याच वर्षांत सौराष्ट्राचे शौर्य आणि करुणा यांचे कथाधन ‘सौराष्ट्रनी रसधार’ या मालेत एकत्र करीत होते. मेघाणी आणि गिजुभाई यांची कामे एकमेकांना पूरक आहेत. मेघाणींनी डायऱ्यातले, म्हणजे जाणत्या पुरुषांच्या बैठकीतले वाङ्मय टिपले. गिजुभाईंनी आजीच्या तोंडचे. रणजितराम सुवर्णचंद्रक प्रथम मेघाणींना आणि त्यांच्या पाठोपाठ गिजुभाईंना मिळाला, यात त्या काळच्या गुजराती साहित्यविश्वाचे औदार्य दिसते. मुलांसाठी लिहिणाऱ्याला साहित्यिक मानण्यास आपल्यापैकी काही भाषांनी त्याहून बराच अधिक वेळ घेतला.

बालमंदिरातील नाटकांविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. ही नाटके संवाद पाठ करून बसविलेली नसत. गोष्ट मुलांनी इतक्या वेळा ऐकलेली असे, की तिचा क्रम त्यांच्या अंगात मुरलेला असे; शब्द ज्याच्या त्याच्या तोंडचे. पडदा, पोशाख, रंगभूषा यांचे स्तोम नव्हते. एखाद्या चादरीवर भागत असे. शिक्षकही पात्रे होत. याच्याशी शांतिनिकेतनची तुलना केली तर एक बोधप्रद भेद दिसतो. रवींद्रनाथांनी १९०८ मध्ये आश्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘शारदोत्सव’ लिहिले, आणि त्यानंतर ऋतूंशी बांधलेली नाट्यपरंपरा तेथे उभी राहिली. तिचे सौंदर्य वादातीत आहे. पण तेथे एका महाकवीची संहिता मुलांच्या मुखी येत होती. भावनगरच्या टेकडीवर संहिताच नव्हती. कलाकृती म्हणून तेथील खेळ शांतिनिकेतनच्या पासंगालाही पुरले नसते, आणि गिजुभाईंना त्याची खंत असण्याचे कारण नव्हते, कारण प्रेक्षकांसाठी ते होतच नव्हते. मराठी वाचकाला येथे साने गुरुजींचे अमळनेर आठवेल. प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित स्वरूपात चालविले. परंतु तेथेही लेखणी मुख्यतः गुरुजींची होती आणि मुले वाचक होती. या तिघांत मुलाच्या अनगड प्रतिसादावर सर्वांत अधिक भरवसा गिजुभाईंनी टाकला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, प्रार्थनासमाजी घरातील मुलगी आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य अशी त्यांची ओळख तोवर झाली होती. ती मानाची जागा सोडून त्या बालमंदिरात रुजू झाल्या. गिजुभाईंना कल्पना सुचत आणि त्यांची लेखणी धावत असे. त्या कल्पनांना शिस्त, क्रम आणि टिकाऊपणा देण्याचे काम बऱ्याच अंशी ताराबाईंचे, हे गुजराती चरित्रकारांपेक्षा मराठी चरित्रकारांनी अधिक ठळकपणे नोंदविले आहे, आणि त्यात केवळ भाषाभिमान आहे असे वाटत नाही. १९२५ मध्ये अध्यापन मंदिर, म्हणजे शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. ‘शिक्षण पत्रिका’ निघू लागली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. दोघांनी मिळून बालसाहित्याच्या छोट्या पुस्तिकांची माला संपादित केली. मोठा टाईप, थोडा मजकूर, मुलाच्या हाताला पेलणारे पुस्तक, असे तिचे स्वरूप होते. ज्या भाषेत मुलाने स्वतः निवडून वाचावे असे पुस्तकच फारसे नव्हते, त्या भाषेत वाचनावरील प्रतिसादाच्या गोष्टी करणे हे पोकळ ठरले असते. ती उणीव या दोघांनी आधी भरून काढली.

गिजुभाईंचे सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक ‘दिवास्वप्न’ हे १९३०च्या दशकाच्या आरंभीचे. त्याला कादंबरी म्हणावे, प्रयोगाचा वृत्तांत म्हणावे की शिक्षणविषयक निबंधाचे कथारूप म्हणावे, हा वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाने विचार करण्याजोगा प्रश्न आहे. प्रथमपुरुषी निवेदन करणारा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागतो. अधिकारी काहीशा कुतूहलाने आणि काहीशा अविश्वासाने तो देतो. परीक्षा नेहमीप्रमाणे होणार, ही अट आहे. पहिल्याच दिवशी शांततेच्या खेळाचा पुरता फज्जा उडतो, आणि हसू होते ते शिक्षकाचे. माँटेसरीचा हा खेळ बालमंदिरात यशस्वी होत असेल. वर्षानुवर्षे दडपलेल्या चौथीच्या मुलांत तो चालत नाही, हे गिजुभाई स्वतःच्या पद्धतीचा उपहास करून दाखवितात. दुसऱ्या दिवशी शिक्षक गोष्ट सुरू करतो. राजा, राण्या, राजपुत्र यांची लांबतच जाणारी ती गोष्ट ऐकताना मुले आपोआप जवळ सरकतात. मध्येच थांबून तो हजेरी घेतो, तेव्हा पुढचे ऐकण्याच्या ओढीने वर्ग चिडीचूप असतो.

या पुस्तकातील सारा पुढचा विस्तार गोष्टीतून फुटलेल्या फांद्यांचा आहे. मुले पाठ्यपुस्तकांसाठी जे पैसे आणणार, त्यातून एकेक प्रत घेण्याऐवजी वर्गासाठी वेगवेगळी पुस्तके घ्यावीत असे शिक्षक सुचवितो. पालक कुरकुरतात, मुख्याध्यापक हसतात, तरी कपाट उभे राहते. ऐकलेली गोष्ट मग पुस्तकातून वाचावीशी वाटते; वाचलेली गोष्ट करून दाखवावीशी वाटते. अंताक्षरी येते, लोकगीते येतात, व्याकरणातील क्रियापद हे वर्गात प्रत्यक्ष क्रिया करून ओळखले जाते, इतिहास गोष्टीच्या वाटेने येतो. सहकारी शिक्षकांची थट्टा आणि चिंता ही पुस्तकातील सर्वांत जिवंत पाने होत. यांना पोट आहे, नोकरी आहे, तपासनीस आहे. यांना प्रयोगाची चैन परवडत नाही, हे गिजुभाई जाणून आहेत, आणि म्हणून त्यांनी या शिक्षकांना खलपुरुष केलेले नाही. वरिष्ठ पाहुण्यांपुढील समारंभात इतर वर्ग पाठ केलेल्या कविता म्हणून दाखवितात; या वर्गातील मुले आपल्या परीने नाटके करतात. बक्षिसांना निवेदकाचा विरोध आहे. एका मुलाने अधिक चांगली गोष्ट सांगितली म्हणून त्याला पुस्तक आणि दुसऱ्याला काही नाही, ही वाटणी त्याला साहित्याच्या स्वभावाविरुद्ध वाटते.

पुस्तकाचे नाव ‘दिवास्वप्न’ ठेवण्यात एक प्रामाणिकपणा आहे. टेकडीवरचे बालमंदिर हे खाजगी, निवडक, लहान मुलांचे होते. सरकारी प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गात हे घडेल, ही गिजुभाईंची कल्पना होती. अनुभवाच्या पायावर उभी असली तरी कल्पनाच. काशिनाथ त्रिवेदी यांनी ते हिंदीत नेले, पुढे नॅशनल बुक ट्रस्टने अनेक भारतीय भाषांत प्रकाशित केले, आणि आज शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ते नेमलेले आढळते. ज्या पुस्तकात पाठ्यपुस्तकांऐवजी मोकळी पुस्तके घ्या असे सांगितले आहे, ते स्वतःच पाठ्यपुस्तक झाले. त्यावर प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिका निघाल्या असल्या तर आश्चर्य वाटू नये.

तौलनिक अभ्यासकाला १९२९ हे वर्ष येथे आठवते. त्या वर्षी आय. ए. रिचर्ड्‌स यांचा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ प्रसिद्ध झाला. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता देऊन त्यांनी लेखी अभिप्राय घेतले होते, आणि त्या अभिप्रायांतील ठराविक साच्यांचे, भावविवशतेचे, अर्थ न लागल्याचे त्यांनी निर्दय वर्गीकरण केले. वाचकाचा प्रतिसाद हा तेथे दुरुस्त करावयाचा दोष होता. १९३८ मध्ये न्यूयॉर्कहून लुईस रोझेनब्लाट यांचे ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’ आले. साहित्यकृती पानावर नसते, वाचक आणि संहिता यांच्या व्यवहारात ती घडते, ही त्यांची मांडणी पुढे प्रतिसादवादी समीक्षेचा पाया ठरली. भावनगरच्या टेकडीवरून यातले काही गिजुभाईंपर्यंत पोहोचले असेल असे मानण्यास आधार नाही, आणि उलट तर नाहीच. दोघांच्याही पाठीशी वर्गात प्रत्यक्ष बसून मिळविलेला अनुभव होता, एवढे साम्य पुरेसे आहे. भेद असा, की रोझेनब्लाट यांचा वाचक मुख्यतः बोलतो आणि लिहितो. गिजुभाईंचा वाचक उठून उभा राहतो.

अलीकडे विद्यार्थ्यांच्या शिकण्याच्या निरनिराळ्या शैली असतात, कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हालचालीने, अशा मांडणीचा बराच बोलबाला झाला. हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ मधील बहुविध बुद्धिमत्तांच्या सिद्धांताशीही, स्वतः गार्डनर यांची संमती नसताना, तिची सांगड घातली गेली. पुस्तक वाचल्यावर एकाने चित्र काढावे, दुसऱ्याने नाट्य करावे, तिसऱ्याने नकाशा करावा, असे प्रकल्प यातून शाळांत रूढ झाले आणि गिजुभाईंना या मांडणीचे पूर्वसूरी ठरविण्याचा मोहही काहींना होतो. तो टाळावा असे वाटते. मुलाची शैली ठरवून त्या शैलीने शिकविल्यास ते अधिक शिकते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या एका बहुचर्चित परामर्शात २००८ मध्येच निघाला आहे. गिजुभाईंनी मुलांवर अशा चिठ्ठ्या कधी लावल्या नाहीत. त्यांच्याकडे चित्र काढणारे मूल उद्या राक्षस होऊन गर्जना करी आणि परवा वाचनाच्या कोपऱ्यात बसे. वाटा अनेक होत्या त्या गोष्टीच्या होत्या. प्रत्येक मुलाच्या नावाने एक वाट आखून दिलेली नव्हती. आजच्या प्रकल्पांतून हा भेद पुसला गेला आहे, आणि त्यामुळे चित्र काढणे हीसुद्धा गुण मिळविण्याची आणखी एक रीत झाली आहे.

गिजुभाईंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांनी लहानमोठी शंभरांहून अधिक पुस्तके लिहिली आणि त्यांत घाईने लिहिलेला भाग पुष्कळ आहे. लोककथांत सवती, लोभी ब्राह्मण, मूर्ख कोळी यांची जी चेष्टा येते, ती त्यांनी जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. ज्या जातीची चेष्टा होते त्या जातीचे मूल वर्गात बसले असेल तर त्याने कोणते पात्र व्हावे, हा प्रश्न त्यांच्या लेखनात पुरेसा उपस्थित झालेला दिसत नाही. नाट्याने सर्वांना वाट मिळते हे खरे. परंतु कथेतच काहींची जागा आधी ठरलेली असते, हेही तितकेच खरे.

१९३०च्या सत्याग्रहात त्यांनी मुलांच्या वानरसेना उभ्या करण्याच्या कामात भाग घेतला. १९३२ मध्ये ताराबाई भावनगर सोडून गेल्या. १९३६ मध्ये गिजुभाईही दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. वीस वर्षांपूर्वी एकत्र आलेल्या माणसांच्या वाटा तोवर फाकल्या होत्या. नानाभाईंचे लक्ष खेड्याकडे वळले होते आणि १९३८ मध्ये त्यांनी आंबला येथे ग्राम दक्षिणामूर्तीची स्थापना केली. गिजुभाईंनी राजकोट येथे पुन्हा अध्यापन मंदिर सुरू केले, परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मारिया माँटेसरी मद्रासला, अड्यारला येऊन पोहोचल्या आणि युद्धामुळे भारतातच अडकून पडल्या. ज्या माणसाने त्यांची पद्धत एका भारतीय भाषेत रुजविली आणि रुजवताना तिच्यात गोष्टी सांगणारी आजी आणून बसविली, तो त्यांना भेटण्यास उरला नव्हता.

मराठीत हे काम ताराबाईंनी आणले. १९३३ पासून त्यांनी ‘शिक्षण पत्रिका’ मराठीतून चालविली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढला. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भावनगरच्या टेकडीवरील मुले घरून न्हाऊनमाखून येत. कोसबाडची वारली मुले गुरांमागे जात. शाळेत ती येत नाहीत असे दिसल्यावर शाळा त्यांच्या अंगणात आणि मग कुरणात गेली, आणि अंगणवाडी व कुरणशाळा हे दोन शब्द मराठीला मिळाले. सुताराने केलेल्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आली. या मुलांच्या घरच्या बोलीत छापील पुस्तक नव्हते, त्यामुळे कपाटाचा प्रश्नच उद्भवला नाही. गोष्ट तोंडीच सांगावी लागे, आणि ती चालू असताना एखादा मुलगा मध्येच उठून गुरे वळवून येई व पुन्हा येऊन बसे.